‘फर्स्ट पार्टी’ घेऊ की नुसतं थर्ड पार्टी? ताई, आधी गाडी कोणाच्या नावावर आहे ते बघू

सांगलीहून एका शिक्षिकेचं पत्र आलंय. थोडक्यात असं आहे. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी दिराकडून २०१९ ची छोटी पेट्रोल गाडी घेतली, ९९८ सीसी. पैसे दिले, किल्ली घेतली, पण आरसी आणि इन्शुरन्स दोन्ही अजून दिरांच्याच नावावर. गाडी रोज त्याच चालवतात. तासगावकडच्या शाळेपर्यंत दोन सहकारी बाई सोबत असतात, पेट्रोल वाटून घेतात, आणि दर पंधरा दिवसांनी सासूबाईंना मिरजेला दवाखान्यात न्यायचं असतं. पॉलिसी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला संपतेय. एजंट म्हणतो ‘फर्स्ट पार्टी झिरो डेप’ घ्या, भाऊजींच्या नावावरच ठेवली तर त्यांचा ५० टक्के बोनस धरून ७,९०० ला पडेल, तुमच्या नावावर केली तर १०,६००. नवरा म्हणतो जुनी गाडी आहे, तू हळू चालवतेस, पोलिसाला दाखवायला कागद लागतो तेवढा अडीच हजारातला थर्ड पार्टी घे. भाऊजींनी नुकतीच नवी गाडी बुक केलीय, आणि नाव बदलायचा विषय काढला तर त्यांना वाटेल आपल्यावर विश्वास नाही, म्हणून तो विषय तसाच राहिलाय. प्रश्न एवढाच की फर्स्ट पार्टी घेऊ की थर्ड पार्टी?

ताई, खरं सांगू का, तुमचं पत्र वाचताना मी शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचलेच नाही, मध्येच अडकले. ‘कागद अजून भाऊजींच्याच नावावर आहेत, घरातल्या घरात व्यवहार, त्याची काही घाई नाही’ असं तुम्ही सहज लिहून गेलात ना, तिथे. मी १४ वर्षं क्लेमच्या टेबलावर बसलेय, आणि कुठली पॉलिसी घेतली यापेक्षा कागदावर नाव कोणाचं यावरून रडारड झालेली जास्त पाहिलीय. पण ते जरा थांबून. आधी तुमच्या घरात जे दोन शब्द फिरतायत ते नीट करू.

‘फर्स्ट पार्टी’ नावाची पॉलिसी नसतेच. बोलायची पद्धत पडलीय एवढंच, मीही बोलते. पहिली पार्टी म्हणजे तुम्ही, दुसरी म्हणजे कंपनी, आणि तिसरी म्हणजे रस्त्यावरचा तो माणूस ज्याला तुमच्या गाडीमुळे लागलं. एजंट जिला फर्स्ट पार्टी म्हणतो ती पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी, आणि तिच्यात दोन वेगळी कामं एकत्र बांधलेली असतात. एक, तिसऱ्या माणसाची भरपाई. दोन, तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, त्यात अपघात, चोरी, आग, पूर, दंगल सगळं येतं. म्हणजे थर्ड पार्टी तुम्ही दोन्हीकडे घेणारच आहात, ते कायद्याने घ्यावंच लागतं, प्रश्न फक्त दुसरा भाग जोडायचा का एवढाच उरतो.

आता साहेबांचं, म्हणजे तुमच्या नवऱ्याचं, म्हणणं. पोलिसाला दाखवायचा कागद. दंड आहेच, पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदसुद्धा लिहिलीय, पण त्या कागदाचा खरा उपयोग दुसराच आहे. समजा संध्याकाळी शाळेतून येताय, पुढे उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर (आपल्याकडे सीझनला हे काय नवीन नाही), तुम्ही वाचवायला गाडी उजवीकडे घेतली आणि समोरून मोटरसायकलवर एक ३२ वर्षांचा माणूस आला. तुम्ही हळूच होतात. तरी तो गेला. महिना २०,००० कमावणारा, घरी बायको, दोन मुलं, म्हातारी आई. अपघाताची भरपाई ठरवणारा कोर्टाचा ट्रिब्युनल हिशोब कसा करतो बघा: वर्षाचे २,४०,०००, वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की ३,३६,०००, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून पाव भाग वजा, राहिले २,५२,०००, आणि त्या वयाला गुणक १६. चाळीस लाख बत्तीस हजार. अंत्यविधी वगैरेचे वेगळे. थर्ड पार्टी पॉलिसीत मृत्यू आणि दुखापतीला वरची मर्यादा नाही, ट्रिब्युनल जे ठरवेल ते कंपनी भरते, फक्त समोरच्याच्या गाडी-दुकानाचं नुकसान असेल तर साडेसात लाखांपर्यंत. आणि या सगळ्याचा दर? जून २०२२ ला सरकारने लावलेल्या दरात १००० सीसीच्या आतल्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, वर जीएसटी. सगळ्या कंपन्यांत एकच, एजंटने त्यात ‘डिस्काउंट मिळवून देतो’ म्हटलं तर समजून घ्या. तर हा कागद पोलिसासाठी नाहीच हो, तो तुमचं राहतं घर आणि दोघांचे पगार वाचवायला आहे.

मग तेवढाच घेऊ, असं साहेब म्हणतील. थांबा. तुमच्या गाडीत रोज कोण बसतं? नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीत बसलेली माणसं ‘तिसरी पार्टी’ धरली जात नाहीत. ऐकायला विचित्र वाटतं, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला लाखो रुपये आणि मागच्या सीटवरच्या सासूबाईंना काही नाही, पण सुप्रीम कोर्टापर्यंत हेच ठरलंय. पॅकेज पॉलिसी असेल तर आत बसलेल्यांची भरपाईही कंपनीवर येते. तुमच्या बाबतीत मला हा मुद्दा बंपर आणि हेडलाइटपेक्षा मोठा वाटतो, कारण तुम्ही एकट्या जवळजवळ कधीच नसता. आणि त्या दोन बाईंबद्दल एक, पेट्रोल वाटून घेताय तोवर ठीक, पण ‘महिन्याला इतके’ असं ठरवून पैसे घेऊ नका, व्हॉट्सॅपवर तसं लिहूही नका. खासगी पॉलिसीत भाड्याने वाहतूक चालत नाही आणि क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर पहिला प्रश्न तोच विचारतो, बाई, या कोण?

आता ज्याच्यावर मी अडकले होते तिकडे.

पॉलिसीत ओनर-ड्रायव्हरचं १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट (पीए) कव्हर असतं. नावातच आहे बघा, ओनर. आरसीवर ज्याचं नाव, तो स्वतः चालवत असेल आणि त्याचं लायसन्स चालू असेल तर. तुमची गाडी भाऊजींच्या नावावर, चालवता तुम्ही. म्हणजे गेले पाच महिने स्टेअरिंगमागे बसलेल्या माणसाला त्या १५ लाखांतला रुपया मिळणार नव्हता, आणि तिसरी पार्टी म्हणूनही तुम्हाला मागता येत नाही, कारण गाडी मागून घेऊन चालवणारा कायद्यात मालकाच्याच जागी धरला जातो. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसणार. एजंटला माहीत असतं, पण त्याला २० तारखेच्या आत रिन्यूअल काढायचंय.

ओन डॅमेजचंही तसंच. गाडी तुम्ही विकत घेतलीय, पैसे बँकेतून गेलेत, उद्या मोठा क्लेम लागला आणि चौकशीत विक्री बाहेर आली की कंपनी म्हणणार, ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याचं नुकसान झालेलं नाही आणि जिचं झालंय तिच्याशी आमचा करार नाही. गाडी विकली की थर्ड पार्टी भाग आपोआप नव्या मालकाकडे जातो, ओन डॅमेज नाही जात, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. मी एक क्लेम पाहिलाय, सख्ख्या मेहुण्याची गाडी, चोरीला गेली, आरसी बदलली होती पण पॉलिसी नाही. दोघं मिळून ऑफिसात आले होते, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आम्ही एकच घर आहोत म्हणत होते. फाइल बंद झाली, आणि पुढच्या वेळी दोघं वेगवेगळे आले.

म्हणून एजंट जे सांगतोय, भाऊजींच्या नावावर ठेवा, २,७०० वाचतील, त्याच्यात अडकू नका. आणि तो बोनस तुमचा नाहीच आहे. नो क्लेम बोनस गाडीला नसतो, माणसाला असतो. भाऊजींनी पाच वर्षं क्लेम केला नाही म्हणून २०, २५, ३५, ४५ करत तो ५० टक्क्यांवर गेला, तो त्यांचा. तुम्ही शून्यापासून सुरू करणार. आणि इथेच तुमच्या दुसऱ्या अडचणीचं उत्तर आहे असं मला वाटतं. भाऊजींनी नवी गाडी बुक केलीय ना? जुनी गाडी रीतसर तुमच्या नावावर झाली की त्या विक्रीच्या कागदांवर कंपनी त्यांना बोनसचं पत्र देते, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजवर त्यांना ५० टक्के सूट मिळते. नव्या गाडीचं ओन डॅमेज मोठं असतं, तुमच्या ६ वर्षांच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे तुमचे २,७०० वाचवायच्या नादात त्यांचे त्याहून जास्त जातायत, आणि त्यांनाही हे माहीत नसेल.

दुसरी गोष्ट भाऊजींच्याच काळजीची. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी चार हातांतून फिरलेली असली तरी. उद्या तुमच्या हातून काही झालं, आणि नेमकी त्याच वेळी पॉलिसी संपलेली असली, किंवा तुमच्या लायसन्समध्ये काही निघालं, तर ट्रिब्युनलची नोटीस भाऊजींच्या दारात जाणार. तुम्हाला वाटतंय नाव बदला म्हणणं म्हणजे अविश्वास दाखवणं. मला उलट दिसतंय. पाच महिने त्यांचं नाव तुमच्या गाडीवर टांगून ठेवलंय, त्यांच्यावर जोखीम तुम्ही टाकलीय, त्यांनी तुमच्यावर नाही.

बरं, ओन डॅमेज घ्यायचं का. हा निर्णय गाडी नवी की जुनी यावर करू नका. एकच विचारा, उद्या सकाळी खाली गेलात आणि गाडी जागेवर नसली तर दुसरी घ्यायला पैसे आहेत का? पॉलिसीत गाडीची किंमत २,४०,००० धरलीय असं तुम्ही लिहिलंय, तिला आयडीव्ही म्हणतात, चोरी झाली किंवा दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर साधारण तेवढेच मिळतात. ज्याच्या एफडीत चार लाख निवांत पडलेत त्याने १० वर्षांच्या गाडीला नुसतं थर्ड पार्टी घेतलं तर मी काही म्हणणार नाही. तुमचे घराचे हप्ते चालू आहेत, आणि गाडी नसली तर सासूबाईंची मिरज-वारी रिक्षाने. तुम्ही घ्या. आणि प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली आणू देऊ नका, दोन-तीनशे वाचतात आणि जायच्या वेळी तीस-चाळीस हजार जातात.

त्यात तुम्ही सांगलीत. पावसाळ्यात आपण हवामान खात्याच्या आधी ‘आयर्विनला किती फूट?’ (म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी) विचारतो. धोक्याची पातळी ४५, आणि २०१९ च्या ऑगस्टला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. त्या महापुरानंतरची एक गाडी मला अजून आठवते. कर्नाळ रोडची, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन दिवस बुडालेली. पाणी उतरलं, मालकाने बाहेरून धुतली, सीट उन्हात काढल्या, आणि ‘बघू तरी चालू होते का’ म्हणून किल्ली फिरवली. एकदा नाही, चार-पाच वेळा. सर्व्हेअरने ऑइलची पट्टी ओढली तर ती दुधाच्या चहासारखी, पाणी ऑइलमध्ये मिसळलेलं. आत पाणी असताना इंजिन फिरवलं की पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने कार्पेट, वायरिंग, सीट सगळ्याचे पैसे दिले, कारण पूर कव्हरमध्ये आहे, पण इंजिनचे नाही दिले. म्हणाले ते पुराने नाही, किल्लीने गेलं. साध्या पॅकेज पॉलिसीत हे असंच होतं. त्याच्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन, म्हणजे वर पैसे भरून घ्यायचं जादा कव्हर, असतं, ते तुम्ही घ्याच, बाकी काही नाही घेतलं तरी चालेल. आणि घेतलं तरी पाण्यातून निघालेली गाडी चालू करायची नाही, बॅटरी काढायची, फोटो काढायचे, कंपनीला फोन करायचा आणि टो करून न्यायची. बऱ्याच कंपन्या ॲड-ऑन असूनही किल्ली फिरवलेली दिसली की वाद घालतात.

झिरो डेपचं, म्हणजे घसारा न कापण्याच्या ॲड-ऑनचं, थोडं गणित. साध्या पॉलिसीत पार्ट बदलला की कंपनी घसारा कापते: प्लास्टिक-रबराला निम्मा, ५ ते १० वर्षांच्या गाडीच्या पत्र्याला ४० टक्के, काचेला काही कापत नाहीत. समजा पुढून ठोकली, बंपर ६,०००, हेडलाइटची प्लास्टिक असेंब्ली ५,०००, फेंडर ४,०००, समोरची काच ७,००० आणि मजुरी ३,०००. बिल २५,०००. तुम्हाला मिळणार ३,००० अधिक २,५०० अधिक २,४०० अधिक ७,००० अधिक ३,०००, आणि त्यातून दर क्लेमला आपणच भरायचे सक्तीचे १,००० वजा, म्हणजे १६,९००. खिशातून ८,१००. झिरो डेप असतं तर फक्त १,०००. चांगलं आहे, पण ५ वर्षांच्या पुढच्या गाडीला सगळ्या कंपन्या देत नाहीत आणि ज्या देतात त्या बहुतेक वर्षाला दोन क्लेमपर्यंत. तेव्हा एजंटला विचारा, झिरो डेपचे नेमके किती लावलेत? दीड हजाराच्या आत असेल तर घ्या, तीन हजार म्हणत असेल तर मी सोडून देईन. किल्ली हरवली कव्हर, टायर कव्हर, रिटर्न टू इन्व्हॉइस, हे या वयाच्या गाडीला नको, त्यातलं काही तर मिळणारही नाही.

आणि चार हजाराच्या ओरखड्यासाठी क्लेम टाकू नका. बोनस शून्यावर येतो. गॅरेजवाला ‘इन्शुरन्समधून करून देतो मॅडम’ म्हणेल, त्याचं काय जातंय.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओला ट्रान्सफर टाका, भाऊजींनी कर्ज काढलं होतं तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ पण लागेल, बऱ्याच वेळा गाडी इथेच अडकते, कर्ज फिटून वर्षं होतात आणि आरसीवर बँक तशीच बसलेली असते. आरसी वेळेत झाली तर २० च्या आत तुमच्या नावाने नवी पॅकेज पॉलिसी, इंजिन प्रोटेक्टसह, १५ लाखांच्या पीए कव्हरसह. नाहीच झाली तर विमा एक दिवसही तुटू देऊ नका, आत्ता आहे त्या नावावर रिन्यू करा पण ‘गाडी विकलीय, ट्रान्सफर चालू आहे’ हे कंपनीला ईमेलवर कळवून ठेवा, आणि नवी आरसी हातात आली की १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर फिरवून बोनसचा फरक भरून टाका. एजंटच्या तोंडी ‘हो जातंय’वर राहू नका, मेलचं उत्तर जपून ठेवा. पुढे कधी क्लेमवरून वाजलंच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही.

ज्यांनी ज्यांनी भावाची, मित्राची, सासऱ्यांची गाडी ‘नंतर बघू नावाचं’ म्हणून घेतलीय त्यांनीही आज घरी गेल्यावर डॅशबोर्डमधला कागद काढून नाव वाचा. आणि ताई, तुमचं लायसन्स कधी संपतंय ते पत्रात नाही, तेवढं बघून घ्या, ते संपलेलं असेल तर कंपनी समोरच्याला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते.

भाऊजींना काय म्हणायचं हा प्रश्न राहिला. रविवारी जेवायला बोलवा आणि साहेबांना नको, तुम्हीच बोला. ‘भाऊजी, तुमच्या नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या प्रीमियममध्ये ५० टक्के कमी होतील, फक्त जुनी आधी माझ्या नावावर व्हायला हवी, आणि माझ्या चुकीची नोटीस तुमच्या नावाने आलेली मला चालणार नाही.’ एवढंच. फॉर्म आधीच प्रिंट करून, तुमची सही करून ठेवा, म्हणजे त्यांना फक्त पेन द्यायचं राहील.